सी फॉर्म, पाणीकपात आणि तेहेतीस अनारसे : पार्ल्यातल्या एका बिऱ्हाडाचं प्रकरण

२०२३ च्या जुलैमध्ये विलेपार्ले पूर्वेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पोलंडहून आलेलं कुटुंब भाड्याने राहायला आलं. नवरा सीप्झमधल्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या, एका कंपनीत. बायको आर्किटेक्ट, पण इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची मुभा नाही. सहा वर्षांची मुलगी. मी या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून पुढची बरीचशी हकिगत माझ्या डोळ्यांदेखत घडली. उरलेली जिन्यात ऐकली. नावं कोणाचीच देत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण ‘परदेशी शेजाऱ्यांना कसं सामावून घ्यावं’ याबद्दल जे चांगलं-चांगलं बोललं जातं त्यातलं फारसं काही इथे उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती किचकट कागदपत्रं.

आधी इमारतीबद्दल. चार मजले, लिफ्ट नाही. विमानतळ इतका जवळ की उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. या पट्ट्यात उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे आजूबाजूच्या अशा कैक इमारतींचा पुनर्विकास रखडलाय. बिल्डर येतात, चहा पितात, फनेल झोनचं, म्हणजे विमानांच्या वाटेतल्या या पट्ट्याचं, नाव निघालं की फोन उचलायचे बंद होतात. परिणाम असा की तीच माणसं पन्नास-पन्नास वर्षं एकमेकांसमोर राहताहेत. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. अशा ठिकाणी नवीन माणूस येतो तेव्हा त्याला जागा मिळते, शिरकाव मिळतोच असं नाही.

घरमालक नाशिकला, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी एजंटामार्फत भाडेकरू ठरवला आणि सोसायटीला कळवलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, झालं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने फार तर ना-वापर शुल्क घ्यावं, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. २००१ पासून शासनाने तशी मर्यादाच घालून दिलीय. पण कागदावर काहीही असो, मुंबईत कमिटीची मीटिंग होतेच. आमचीही झाली, जूनमध्ये.

मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी विचारलं, “मांस-मच्छी करणार का ते लोक?” क्षणभर कोणी बोललं नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या मालवणी काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “दर बुधवारी माझ्याकडचा बांगड्याचा वास तुमच्यापर्यंत येतो ना? तो चालतो, मग त्यांचा का नको?” विषय तिथेच आटोपला. याच इमारतीत सप्टेंबरअखेरीस मुलुंडचं प्रकरण गाजलं तेव्हा, म्हणजे एका मराठी बाईला मराठी म्हणून ऑफिसची जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा, सगळ्यात लांबलचक संतप्त मेसेज ग्रुपवर टाकला तो चौथ्या मजल्यावरच्या याच सभासदांनी. मी तो वाचला आणि गप्प बसले. खजिनदाराने सगळे हिशेब मांडायचे नसतात.

कुटुंब राहायला आलं ते शुक्रवारी रात्री उशिरा. एरवी आमच्याकडे कोणाचं सामान उतरताना दिसलं की समोरच्या घरातून चहा जातो. टेम्पोवाल्या पोरांनाही मिळतो. इथे तसं झालं नाही, कारण कंपनीने नेमलेली पॅकर्सची माणसं अकरा वाजता आली, तासाभरात खोकी टाकून गेली आणि दार बंद झालं. सकाळी जो तो दुसऱ्याची वाट पाहत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, इंग्रजीत काय बोलायचं? समोरच्या जोडप्याला वाटलं, दमले असतील, झोपू दे. नंतर कळलं की आतली मंडळीही वाटच पाहत होती. त्यांच्याकडे नव्या घरात आलेला माणूस आधी घर लावतो आणि मग शेजारपाजारच्यांना, मित्रांना बोलावतो. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना सद्भावना भरपूर, आणि बेल वाजवायला कोणी तयार नाही.

बेल वाजवली ती सेक्रेटरीकाकांनी, शनिवारी दुपारी बारा वाजता, आणि प्रेमाने नव्हे. सी फॉर्मसाठी.

परदेशी नागरिक आपल्या जागेत राहायला आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला द्यायची, तो हा फॉर्म. हॉटेलवाले हे रोज करतात. खासगी घरमालकालाही ते बंधनकारक आहे, हे बहुतेक घरमालकांच्या गावीही नसतं. आणि व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असला तर आलेल्या माणसाला स्वतःचीही नोंदणी आल्यापासून चौदा दिवसांत करावी लागते. तिथे राहत्या जागेचा पुरावा मागतात. हा फॉर्म राहिला की पुढचं सगळं अडतं. सेक्रेटरीकाका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले. मुदत आणि शिक्का या दोन गोष्टींवर त्यांची श्रद्धा आहे. नाशिकच्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थाला पोर्टलवर नोंदणी जमणार नाही, हे त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं.

तर ते तिघं पासपोर्टांची पिशवी घेऊन तळमजल्यावर काकांच्या घरी आले. पुढचे तीन तास मी तिथेच होते, कारण भाडेकरूंचं रजिस्टर माझ्याकडे असतं. आधी घरमालकाची नोंदणी. ओटीपी नाशिकला. तिथे मोबाइल सुनेच्या हातात, सून स्वयंपाकघरात, चष्मा हॉलमध्ये. आकडे वाचून होईपर्यंत वेळ संपलेली. पुन्हा ओटीपी. तिसऱ्यांदा सुनेनेच विचारलं, “काका, तुम्हीच का नाही त्यांना सरळ घरात घेत?” काका म्हणाले, “घेतलंय हो, आता सरकारला सांगायचंय.”

मग नावं. पासपोर्टवर वर छापलेल्या नावात एका ‘एल’वर आडवी रेघ, एका ‘झेड’वर टिंब, पोर्टल ते घेईना. काकांनी पासपोर्टच्या तळाची, बाणांसारख्या खुणा असलेली ओळ दाखवली : यंत्राने वाचायची ओळ, तिथे साधी अक्षरं असतात, तीच भरा. बँकेतली चाळीस वर्षं कामी आली. त्या आडव्या रेघेच्या ‘एल’चा उच्चार ‘व’सारखा होतो, असं बायकोने सांगितलं. काकांनी माझ्या रजिस्टरात तिघांची नावं तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावून देवनागरीत उतरवली. त्यामुळे पुढे वॉचमनपासून सगळे त्यांची नावं बिनचूक घेऊ लागले. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात म्हणे आजतागायत ते कोणाला जमलेलं नाही.

फॉर्म बरंच काही विचारतो. मायदेशीचा पत्ता, कुठून आलात, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार. प्रत्येक प्रश्नावर उत्तर यायचं आणि उत्तराला शेपूट फुटायचं. वॉर्सा म्हटल्यावर काका म्हणाले, “म्हणजे आमच्या वळिवड्याची माणसं!” काका मूळचे कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. काकांच्या आईने ती माणसं कोल्हापूरच्या बाजारात पाहिली होती. बायकोला वळिवडे माहीत नव्हतं, पण नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब माहीत होते. पोलिश मुलांना त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला, म्हणून वॉर्सात त्यांच्या नावाचा एक चौक आहे. तिथून चालत जायची ती कॉलेजात असताना.

हा धागा इमारतीला फार आवडला. दोन दिवसांत वळिवडे सगळ्यांच्या तोंडी झालं. पण प्रकरणाचा अभ्यास म्हणून सांगायचं तर वळिवड्याने बोलायला विषय दिला, इतकंच. आठवडाभराने तो विषयही संपला असता. त्या दुपारी खरी महत्त्वाची गोष्ट घडली ती पोह्यांच्या बशा उचलताना. सेक्रेटरीकाकांच्या बायकोने, काकूंनी, सहज विचारलं, “पाणी भरलंत का?”

त्यांनी भरलं नव्हतं. भरायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे येतं, ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि घरात सोडतात सकाळी तासभर, संध्याकाळी अर्धा तास. त्यात त्या वर्षी पाऊस उशिरा, मुंबईत मान्सून आला तो थेट २५ जूनला, दिल्लीबरोबरच. तलाव तळाला गेलेले. १ जुलैपासून शहरात दहा टक्के पाणीकपात. म्हणजे त्यांनी नेमका मुहूर्त साधला होता. सकाळी नळ कोरडा पाहून त्यांना वाटलं, प्लंबिंग बिघडलंय, सोमवारी एजंटला फोन करू.

फॉर्म अर्धवट टाकून काकू, मी आणि ती बायको वर गेलो. पहिल्या मजल्यावरून जाताना मालवणी काकूंना कळलं. त्यांनी गॅलरीतला निळा पिंप रिकामा करून नवऱ्याच्या डोक्यावर दिला, आणि बरोबर तांब्या, कारण पिंपातून पाणी काढायचं कशाने हा पुढचा प्रश्न त्यांना आधीच दिसला होता. संध्याकाळी साडेसहाला चारपाच बायका त्या स्वयंपाकघरात उभ्या. नळाला धार आली तशी मुलगी टाळ्या वाजवू लागली. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं, बादली कुठली कशाला, ओला कचरा कुठल्या डब्यात, सुका कुठल्या, कचरेवाली किती वाजता बेल मारते. अर्ध्या तासात सगळं शिक्षण. इंग्रजीची अडचण कोणालाच आठवली नाही. आजींनी तर सगळं मराठीतच सांगितलं आणि ते समजलंही.

माझं या प्रकरणातलं निरीक्षण एवढंच आहे : स्वागत करायचं म्हणून त्या घरी कोणीच गेलं नाही, काम होतं म्हणून गेले. ‘त्यांना काय वाटेल’ हा जो आपल्या लोकांचा धसका असतो, तो कामापुढे टिकत नाही. फॉर्मची मुदत संपत होती, पाणी अर्धाच तास होतं. भिडस्त माणसाला बेल वाजवायला कारण लागतं. आमच्याकडे ते सरकारने आणि महापालिकेने पुरवलं.

याचा उलटा पुरावाही आहे. कमिटीला वाटलं, औपचारिक काहीतरी व्हायला हवं. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्यांना बोलावून शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्षांचं भाषण झालं, त्यात ‘वसुधैव कुटुंबकम्’ आलं, फोटो निघाले. नवऱ्याला नारळाचं काय करायचं ते कळेना, तो बाळाला धरावं तसा धरून उभा. मुलगी शालीत घामाघूम. कार्यक्रम वाईट नव्हता, पण त्यातून पुढे काही निघालं नाही. उलट दोघातिघांना मी म्हणताना ऐकलं, “आपण केलं ना त्यांचं.” सत्काराची ही खोड आहे. तो झाला की माणूस सुटतो.

त्या सत्काराच्या जरा आधीच तिसऱ्या मजल्यावर जे झालं होतं, ते मात्र पुरून उरलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिकात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. आजींची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत. अनारसे कुरियरने पाठवले तर चुरा पोचणार. पण तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून पीठ तर करून ठेवलेलं. आजींनी सेक्रेटरीकाकांना विचारलं, दुसऱ्या कोणाच्या जावयाला दिलं तर चालतं का? काकांनी पंचांग, दाते, सगळं बाजूला ठेवून सांगितलं, “चालतं. नोंद मी ठेवतो.”

सीप्झहून थकून आलेला तो माणूस जिना चढतोय, आणि तिसऱ्या मजल्यावरून हाक. ताम्हनात अनारसे, वर लावलेलं निरांजन. एक अनारसा तुपात हसला होता, म्हणजे विस्कटून जाळी झाला होता. आजींनी तो खालच्या थरात दडवलेला मी पाहिला. त्याने इंग्रजीत विचारलं, आता मी काय करायचं? आजी म्हणाल्या, “काही नाही. वाकायचं आणि खायचं.” तो वाकला. मग अनारसे मोजून विचारलं, तेहेतीसच का? काकांनी सांगितलं की चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, तो फरक साठत जातो आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. त्याने मोबाइलवर भागाकार करून पाहिला आणि मान डोलावली. हिशेब जुळला याचा त्याला अनारशांइतकाच आनंद झाला असावा.

वाण घेतलं म्हणजे जावईपण आलं, आणि आजींनी ते गंभीरपणे घेतलं. जावयाला हक्काने काम सांगता येतं. न्यू जर्सीचा व्हिडिओ कॉल लागत नाही, ये. औषधाचं नाव बारीक छापलंय, वाच. माळ्यावरचं मोदकपात्र काढ. त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं की इथे आल्यावर पहिल्यांदा घरी राहत असल्यासारखं वाटलं ते यामुळे. सगळे मदत करायचे तेव्हा ती सारखी ‘थँक्यू’ म्हणत राहायची आणि अवघडायची. कोणीतरी आपल्याला काम सांगितल्यावर ते अवघडलेपण गेलं.

तिला स्वतःला मिळालेलं काम गणपतीत. आर्किटेक्ट आहे म्हटल्यावर मुलांनी मखराचा पुठ्ठा तिच्या स्वाधीन केला. तिने मोजमाप घेऊन, घडीचा असा मखर केला की पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येईल. आमच्या थर्माकोलच्या काळातल्या मंडळींना ते पचायला जरा वेळ लागला. कोजागरीबद्दल फार सांगत नाही. त्या वर्षी २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे वेध पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात दुधावरून जे झालं ते आमचं घरचं भांडण आहे.

डिसेंबरात त्यांनी बोलावलं. २४ तारखेची संध्याकाळ त्यांच्याकडे नाताळपेक्षा मोठी. बारा पदार्थ, आणि त्यात मांस अजिबात नाही. मासा मात्र हवाच, तोही कार्प. जूनच्या मीटिंगमधला प्रश्न आठवून मी मनातल्या मनात हसून घेतलं. मालवणी काकू तिला घेऊन मासळीबाजारात गेल्या. तिला कार्पच्या जातीतला रोहू हवा. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. गोड्या पाण्यातला मासा, चिखलाचा वास, आणि सणाला? त्यांनी सुरमई दाखवली, पापलेट दाखवलं, पैसे मी देते म्हणाल्या. ती हटेना. शेवटी तडजोड म्हणून दोन्ही आले : रोहू तिच्या पद्धतीने, सुरमई काकूंच्या. तिच्या सारणाच्या अर्धगोल पिएरोगी पाहून आजींनी “करंज्याच की, नुसत्या उकडल्यात” असा निकाल दिला आणि कडा मुरडायला बसल्या.

आभाळात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा नियम. मुलं गच्चीवर. पार्ल्यात पहिला तारा म्हणजे दर दोन मिनिटांनी विमान. चार वेळा “दिसला!” अशी आरोळी आली आणि चारही वेळा ताऱ्याची चाकं बाहेर आली. अखेर जो हलला नाही तो गुरू होता. काकांनी ग्रह चालेल का असं विचारलं, ती म्हणाली चालेल. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, रिकामं ठेवायचं. ही त्यांची रीत. पण पानावर पाहुणा नाही म्हटल्यावर मालवणी काकू घास घेईनात. “यायचेत ना कोणीतरी? थांबू की.” तिने समजावलं. काकूंनी मान हलवली आणि तरीही दाराकडे बघत राहिल्या. सुरमई गार झाली.

सगळे वितळले असं मात्र नाही. चौथ्या मजल्यावरचे सभासद आले नाहीत. जानेवारीत त्यांनी जिन्यातल्या बुटांच्या रॅकबद्दल लेखी तक्रार केली. तक्रार नियमाला धरून होती, रॅक आत गेला. त्यांच्या बायको संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या, तिळगूळ दिला, निघून गेल्या. शेजारधर्म एवढाही असू शकतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

अकरा महिन्यांचा करार संपल्यावर एकदा नवा झाला. पुढे नवऱ्याची बदली झाली आणि ते गेले. निळा पिंप परत आला, घासून लख्ख.

आता त्याच घरात लातूरहून आलेलं तरुण जोडपं राहतं. मराठी, शांत, मेंटेनन्सच्या बाबतीत चोख. दोघांकडे आधार आहे, त्यामुळे करार घरबसल्या ऑनलाइन नोंदला गेला. पोलिसांचा फॉर्म एजंटाने भरला. सी फॉर्मचा प्रश्न नाही. पाणीकपात नाही, शिवाय घरमालकाने आत साठवणीची टाकी बसवून दिलीय. कशासाठीही कोणाला त्यांची बेल वाजवावी लागलेली नाही. परवा ना-वापर शुल्काची पावती करताना त्या जोडप्यातल्या मुलीचं नाव कसं लिहायचं ते मला आठवेना, म्हणून सेक्रेटरीकाकांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. आडनाव दोघांनाही येत होतं. ते करारावर होतं.